धुतलेली भिंत

पुजाऱ्याने पहिली बादली भिंतीवर फेकली आणि मी दहा दिवस खपून काढलेला मारुती ओघळत खाली आला. डिंकात कालवलेले रंग ते. पाण्यापुढे किती टिकणार?

सेलूकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, देवळाची ती बाहेरची भिंत. मालगुजारी गेली होती, रुबाब तसाच होता. मी हिंगणघाटला दुकानांच्या पाट्या रंगवायचो, म्हणून मला बोलावलं. जात कोणी विचारली नाही. मीही सांगितली नाही. त्या दिवशी बाप भाकर घेऊन आला आणि सवयीने मालकाला लांबूनच जोहार करून बसला. महारांच्या त्या जोहारात त्यांना आमची जात कळली. मग बादल्या आल्या.

आणि मी काय केलं? हात जोडले. म्हणालो, "चुकलो मालक. रंगच कच्चे होते."

हे लिहिताना आजही कान तापतात. भिंत बाटली म्हणून ते धूत होते आणि मी रंगाची माफी मागत होतो. बापासमोर.

वाटेत बापाने भाकरीचं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "रंग तर चांगला होता. मंग तुनं माफी काऊन मांगतली?"

जन्मभर वाकलेल्या माणसाने मला हे विचारावं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावणं धाडलं. हनुमान जयंती तोंडावर, दुसरा पेंटर मिळत नव्हता. मला देवळासमोर लांब उभं करून म्हणाला, "आता तेलाचा पक्का रंग आण. तुह्यं काम झालं का आमी भिंत धुऊन घेऊ. मारुती जाणार नाई."

म्हणजे मी पुसला जावा, काम तेवढं राहावं. मी भिंतीकडे पाहिलं. शेंदरी, निळा, हिरवा एकमेकांत वाहून वाळले होते. ना गदा, ना शेपूट, ना तोंड. मी दहा दिवसांत काढलं त्याहून खरं काहीतरी तिथे होतं. त्याच्यापुढे कोणाला वाकायची गरज नव्हती.

"नाई काढत," मी म्हणालो. या वेळी हात जोडले नाहीत.

त्याच साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून मी बारदानावर नुसते रंग काढतो. लोक विचारतात, यात देव कुठे, माणूस कुठे? विचारू देत. त्या माफीची लाज अजून गेलेली नाही, आणि मी ती जाऊ देणार नाही. ज्याच्यापुढे माझ्या बापाला लांब उभं राहावं लागेल, असं एकही चित्र या हातून निघणार नाही.