सरायच्या सात पोरी

माह्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, मंग मानन मी तुले! सर गेले, पण किस्से काही गेले नाहीत. उलटे वाढूनच राह्यले. जो भेटाले येते तो आपला एक किस्सा टाकून जाते, जिनिंगात कापसाचा ढीग लागते तसा. त्यातले खरे किती अन् खोटे किती, मले नको इचारू. खोटे बहुतेक माहेच हायेत.

सर म्हणजे माहा नवरा. दारव्ह्याच्या कॉलेजात इतिहास शिकवाचे अन् पोरींची कबड्डी घ्याचे. मी सातवी नापास. त्यायले जिंदगीत एकच घोर: मैदानात सात पोरी पाहिजेत! लग्नसराई आली का एखादी कमी व्हाची, अन् सर भरल्या ताटावरून उठाचे.

*

एकदा पेपरात प्रश्न आला, पानिपतात मराठे काहून हरले? आमच्या एका खेळाडूनं लिहिलं, "उजवा कोपरा मोकळा सोडला अन् साखळी तुटली."

बाकीच्या मास्तरायनं कपाळाले हात लावला. सरायनं पुरे मार्क देल्ले! वरून मले म्हणतात, "एवढं चांगलं तं मले बी नाही सांगता आलं."

*

मैदान आमच्या घराच्या मांगंच. पोरी दमल्या का माह्या खिडकीकडे पाहाच्या. मी लगेच कुकर चढवाची. शिट्टी वाजली का पोरी धपकन खाली! "सर, शिट्टी झाली!" सर नियमाचे पक्के. शिट्टी झाली म्हणजे झाली.

एक दिवस सर तडक सयपाकघरात आले अन् वाफ सोडून कुकरचं झाकणच काढलं. आत निस्तं पाणी.

"यात डाळ कुठं हाय?"

मी म्हटलं, "हाफटाइमले डाळ कायले लागते?"

*

बोरी अरबचे गुलाबराव, चांगले शेतीवाले माणूस. त्यायची सपना आमच्या टीममंधी. आले एकदा तणतणत, "सर, हाफपँट घालून खेळवता? लोक पोरीचे पाय पाहतीन ना!"

सर लालेलाल. मंग मीच बोलली, "भाऊ, तुमची पोरगी मैदानात उतरली का लोक आपापले पाय सांभाळतीन!"

*

त्याच सपनाले पाहाले पाहुणे आले. दोन चांगले शब्द बोलाले गुलाबरावनं सरायले बलावलं. मी बी गेली, पोहे खाले. पोरीले चालून दाखवाले लावलं, सुई ओवून झाली. मंग पोराच्या आत्यानं इचारलं, "पोरीले आणखी काय येते?"

गुलाबरावनं मोठ्या आशेनं सरायकडे पाह्यलं. सरायले खोटं बोलता येत नव्हतं.

"पाय धरते," सर म्हणे. "एकदा धरला का सोडत नाही."

पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले!

गुलाबरावनं सपनाचं खेळणं बंद केलं. राह्यल्या सहा. सर जेवेनात. मी म्हटलं, "मी जाऊन सांगते, कलेक्टरच्या घरून तुमच्या पोरीले मागणं येऊन राह्यलं, पण ते म्हणतात, पोरगी खेळाडूच पाहिजे."

"खोटं नाही बोलाचं," सर म्हणे.

थोड्या दिवसानं जीपीतून गुलाबरावच उतरले. मांगं सपना. गुलाबराव लंगडून राह्यलते.

"सर, न्या इले! वासराले पकडते, भावाले पकडते. आज मी चहा घेऊन चाललो होतो तं मलेच आडवं केलं!"

सर म्हणे, "कोणता पाय?"

"डावा."

"मंग बरोबर हाय. मी तोच धराले शिकवलं."

*

आता शेवटचा. सर गेले अन् मैदानातच शोकसभा ठेवली. सपना कवाच शिकून गेलती, पोरी नव्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष उठले. म्हणे, "सर नाहीत. पोरी बी सहाच उरल्या. तवा कबड्डी औंदापासून बंद." पोरी हमसून रडाले लागल्या.

तितक्यात मांगून गुलाबराव आले. संगं नवी सून, डोक्यावरून पदर.

"कॉलेजात नाव टाकलं इचं," गुलाबराव म्हणे. "घ्या. झाल्या सात."

अध्यक्ष म्हणे, "अहो, पण इले खेळता येते का?"

गुलाबरावनं चपला काढल्या, धोतर खोचलं अन् रेषेच्या तिकडं जाऊन हात पसरून उभे राह्यले. "ये सूनबाई!"

सून जागची हालेना. माह्या कानाशी म्हणे, "आजी, मामाजीले हात कसा लावू?"

गुलाबरावनं ऐकलं. "पाया पडताना लावतेच ना? आता जोरानं लाव!"

तिनं पदर कमरेले खोचला. पह्यले "कबड्डी, कबड्डी" मलेच ऐकू आलं, मंग साऱ्या मैदानाले. सासऱ्याच्या छातीवर थाप मारली अन् पलटून रेषेपार!

गुलाबराव गुपचूप रेषेबाहेर जाऊन मातीत बसले. मान खाली.

अध्यक्ष म्हणे, "उठा गुलाबराव, सभा चालू हाय."

"कसा उठू?" गुलाबराव म्हणे. "मी बाद हाय ना."

जाय आता! तोंड काय पाहून राह्यला माहं?