पट्ट्याला दोरी नव्हती

पट्टा या विषयावर मला कोणी काही शिकवू नये, असं माझं मत होतं. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी जन्मभर कोळशाचे पट्टे सांभाळले. नव्या पोरांसमोर माझं भाषण ठरलेलं असे: चालू पट्ट्याला हात लावायचा नाही, तो ओलांडायचा नाही, सैल कपडा घालायचा नाही. (बायको म्हणायची, "मले पाठ आहे हे. आता जेवून घ्या.")

ती उपचारासाठी बेंगळुरूला लेकीकडे गेली आणि तिथंच आम्हाला सोडून गेली. तेरवी घरी करायची म्हणून मी, लेक सुषमा आणि चार वर्षांची नात चिमी विमानानं नागपूरला उतरलो. आजी विमानात बसून देवाघरी गेली, असं सुषमानं चिमीला सांगितलं होतं. लेकराला दुसरं काय सांगणार?

सामानाचा पट्टा सुरू झाला आणि माझी जीभही सुटली. बघ चिमी, या पत्र्यांच्या फटीत बोटं सापडतात, फ्रॉकची किनार ओढली जाते. चिमीनं शहाण्यासारखी मान हलवली. शेजारच्या दोन बायकाही ऐकू लागल्या, त्यामुळे मी आणखी खुललो.

तेवढ्यात बायकोची बॅग आली. ओळखू यावी म्हणून ती मुठीला जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधायची. त्या बायकांना सांगताना मी पुन्हा फ्रॉकच्या किनारीपर्यंत पोचलो होतो, तोवर चिमी पट्ट्यावर चढून त्या बॅगेवर बसलीसुद्धा! आणि पट्टा तिला घेऊन पलीकडच्या काळ्या रबरी पडद्याकडे निघाला.

आमच्या पट्ट्यांच्या कडेनं एक दोरी जाते. कुठूनही ओढली की पट्टा बंद. माझा हात आपसूक दोरी शोधू लागला. जी फीत हाती लागली ती मी सगळा जीव एकवटून ओढली. पट्टा थांबला नाही. शेजारी उभा असलेला तिथला कर्मचारी मात्र कमरेत वाकला, कारण ती त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राची फीत होती.

"काका, गळा सोडा माहा," तो कसाबसा म्हणाला, "बटन तुमच्या मांगं आहे."

ते लाल बटण झाकूनच मी एवढा वेळ भाषण देत होतो. त्यानं मला बाजूला ढकलून ते दाबलं. तोवर चिमीचं डोकं पडद्याआड गेलं होतं. मी तिला ओढून काढलं. फ्रॉकची किनार फटीत अडकून फाटली होती. चिमी मात्र माझ्यावरच रागावली होती.

"आबा, काऊन थांबवलं? आजीची बॅग आली ना! आजी आत आहे, मी तिले आणत होती."

(हे 'काऊन' तिला आजीनंच दिलेलं.) दवाखान्यापासून डोळ्यांत टिपूस न आणलेली सुषमा ट्रॉलीवर बसून हमसून हमसून रडली. तिकडून फक्त सामान येतं, माणसं येत नाहीत, असं मी चिमीला समजावलं. तिला ते पटलं असावं, कारण पडद्याकडे पाठ फिरवून ती आईला बिलगली.

पट्टा पुन्हा सुरू झाला. लोक आपापलं सामान घेऊन गेले. आमच्याही बॅगा ट्रॉलीवर आल्या, आणि पट्टा नुसताच फिरू लागला. रिकामा पट्टा फिरवला म्हणून मी नोकरीभर माणसांना झापलं आहे. पण तो कर्मचारी बटणाकडे निघाला तेव्हा पडद्यावरची नजर न काढता मीच म्हणालो, "राहू द्या भाऊ, अजून एखादी फेरी होऊ द्या."