पट्टीवरचा वास आणि अंगावरचा

शालन भालेराव धवलशेठच्या दुकानात लागली ती झाडलोट करायला. त्याआधी सात वर्षं ती तुंगार्लीच्या बंगल्यांमध्ये लाद्या पुसत होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा कुणीतरी सांगितलं, बाजारातल्या परफ्यूमच्या दुकानात बाई हवी आहे, काम उभ्यानं करायचं आहे. चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत ते एकच दुकान काचेचं. आत गारवा, भिंतीभर बाटल्या, आणि काउंटरवर प्रत्येक सुगंधाची एक उघडी बाटली वास बघण्यासाठी ठेवलेली. त्या बाटलीला सगळे टेस्टर म्हणत. गिऱ्हाईक येई, कागदाच्या लांबट पट्टीवर फवारा मारी, पट्टी नाकासमोर हलवी, ‘वा’ म्हणे किंवा तोंड वाकडं करी आणि पट्टी टोपलीत टाकून देई. संध्याकाळी ती टोपली रिकामी करणं हे शालनचं काम.

पहिल्याच आठवड्यात तिला एक गंमत कळली. सकाळी दहाला ज्या पट्टीला लिंबाचा झणझणीत वास होता, तिलाच संध्याकाळी पाचला भिजलेल्या लाकडाचा वास येत होता. दुसरी एक पट्टी सकाळी मोगरा होती, दिवेलागणीला शिळं दूध झाली होती. शालनला हे कुणाला सांगावं ते कळेना. दुकानातली विक्रेती ऋचा कामात असे, आणि झाडलोटवाल्या बाईला नाक असतं हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मग तिनं एक वही केली. पट्टी टाकून देण्याऐवजी ती वहीत टाचायची, बाजूला बाटलीचं नाव आणि दोन वेळांचे दोन वास लिहायची. दहावी शिकलेली होती, अक्षर सुरेख होतं. शब्द मात्र तिचे स्वतःचे. एका महागड्या बाटलीपुढे तिनं लिहिलं, ‘आधी संत्र्याची साल, मग कारवीचा ओला पाला, शेवटी काहीच नाही.’ दुसरीपुढे लिहिलं, ‘शेवटी इंद्रायणीचा भात उतरवताना येते ती वाफ. छान.’ काही वास कागदावर एक आणि अंगावर भलतेच निघतात, हेही तिला कळलं, कारण टेस्टर पुसताना तिच्या मनगटावर थेंब उडायचे आणि बसनं घरी जाईपर्यंत ते आपला रंग दाखवायचे. नवरा रतन टुरिस्ट गाडी चालवायचा. तो म्हणायचा, “आज तुझ्या एका हाताला देऊळ आन् दुसऱ्या हाताला पेट्रोल पंप!”

असं वर्ष गेलं. एका शनिवारी ऋचा आजारी पडली आणि धवलशेठला मालासाठी पुण्याला जावं लागलं. जाताना तो म्हणाला, “शालनताई, आजच्या दिवस काउंटर सांभाळा. किमती लिहिलेल्या आहेत. फक्त हसायचं आणि बॉक्स द्यायचा.”

साडेदहाच्या सुमारास तळेगावच्या नीरजा देव आल्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. “आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी परफ्यूम घेते आहे,” त्या जराशा लाजून म्हणाल्या. “शाळेत कधी लावलं नाही. मुलं नावं ठेवतात.”

सहा-सात पट्ट्यांनंतर त्यांना एक बाटली आवडली. दुकानातली सर्वांत महाग. त्यांनी पर्स उघडली आणि शालनच्या तोंडून निघून गेलं, “बाई, आज नका घेऊ.”

“का? यात काही दोष आहे?”

“दोष न्हाई. पण तुमी त्याला दोनच मिनटं बघितलंय. त्याच्यासंगं दिवस काढायचाय तुमाला.” शालननं त्यांना दोन्ही हात पुढं करायला लावले. एका मनगटावर ती महागाची, दुसऱ्यावर इंद्रायणीच्या वाफेची, आणि कोपराच्या खोबणीत तिसरी. “तीनच. जास्ती लावलं की नाक गोंधळतं. आन् चोळू नका, आपलं आपण सुकू द्या. शेजारी चिक्कीवाल्याचा गूळ अकराला चुलीवर चढतो, मग हितं सगळ्याला गुळाचाच वास. त्यापरीस तुंगार्लीच्या तळ्यावर चक्कर मारून या.”

नीरजाबाई खरोखर तळ्यावर गेल्या. एक वाजता परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर विद्यार्थ्याची उत्सुकता होती. “महागडी गेली की हो उडून! कोपरावरच्या वासानं डोकं धरलं. ही दुसरी मात्र अजून आहे. पण माझं अजून ठरत नाही.”

“मग न्हाई ठरत तर न्हाई,” शालन म्हणाली. होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी, स्वच्छ धुतलेली बाटली तिच्या पिशवीत होती. तिच्यात तिनं त्या दुसऱ्या वासाच्या टेस्टरमधून थोडं काढून दिलं. “घरी लावा. सैपाक करताना, झोपताना, घामात. चार दिस बघा.”

नीरजाबाई काही न घेता निघून गेल्या.

संध्याकाळी धवलशेठ आला. दिवसभराच्या गर्दीत शालननं आणखी तिघाचौघांना असंच परत पाठवलं होतं, हे तिनंच सांगितलं, गोळ्यांच्या बाटलीचंही. लपवायचं तिच्या मनात आलं नाही. धवल चिडला. “अहो, हे दुकान आहे, प्रयोगशाळा नाही! माणूस पर्स उघडतो तेव्हा त्याला थांबवतं का कुणी? टुरिस्ट आहेत हे, एकदा गेले की गेले. सोमवारपासून फक्त झाडू, कळलं?”

शालन घरी आली ती सरळ भाकरी थापायला बसली. रतननं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिनं सांगितलं. तो म्हणाला, “सोड मग. बंगले हायेतच की.”

“बंगल्याचं न्हाई वो,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले असते तर त्याला चाललं असतं, ह्याचं वाईट वाटतं.”

सोमवारी ती वही घेऊनच गेली. दुकान उघडलं, काचा पुसल्या आणि वही काउंटरवर ठेवली. “शेठ, शेवटचं एकदा बघा. मग मी कायबी बोलणार न्हाई.”

धवलनं आधी कंटाळून पानं उलटली. मग सावकाश. मागच्या खोलीत एक कप्पा होता. तिथं परत आलेल्या बाटल्या ठेवलेल्या. गिऱ्हाइकं भांडून परत करून जात, ‘दुकानात वेगळा वास होता’ असं म्हणत. धवल उठून तिथं गेला. एक एक बाटली काढून तो नाव वाचायचा आणि शालनच्या वहीत ते पान शोधायचा. अकरा बाटल्यांपैकी नऊ बाटल्यांपुढं तिनं ‘शेवटी बिघडतं’ किंवा ‘शेवटी काहीच नाही’ असं लिहून ठेवलं होतं. त्यानं कपाळ चोळलं.

“मला आजवर वाटायचं, माल खोटा येतो,” तो म्हणाला.

“माल खरा हाय. माणसाला वेळ देत न्हाई आपण.”

“बरं. एक महिना. छोट्या बाटल्या मी मागवतो. पण ती होमिओपॅथीची नको, ताई.” बोलताना तो हसला, म्हणून तीही हसली.

नीरजाबाई वीस दिवसांनी परत आल्या. आणि त्यांनी काहीच घेतलं नाही! तो वास झोपताना फार गोड वाटतो म्हणाल्या, आणि आणखी तीन नमुने घेऊन गेल्या. धवलनं शालनकडे बघितलं, तिनं छताकडे. चौथ्या खेपेला मात्र त्यांनी मधल्या किमतीची एक साधी बाटली घेतली, वाळ्याच्या वासाची. दर खेपेला काउंटरशी स्टूल ओढून त्या बसायच्या. शालनला जे नाकानं माहीत होतं ते त्यांनी तिला कारणांसकट सांगितलं. हलके वास आधी उडतात, जड वास मागं राहतात, प्रत्येकाच्या कातडीचा ओलावा आणि तेल वेगळं असतं. “तुमची वही माझ्या वर्गात असती तर,” त्या एकदा म्हणाल्या, “अर्धा वर्ग पास झाला असता.” शालनला त्या रात्री झोप लागली नाही, पण आनंदानं.

दुकानाचं काम लगेच पालटलं असं नाही. पुष्कळ लोक नमुना घेऊन जात ते परत येतच नसत. काही घाईत भलतंच घेऊन जात. पण परत आलेल्या बाटल्यांचा कप्पा हळूहळू रिकामा राहू लागला, आणि पिंपरी-चिंचवडहून माणसं ‘वास सांगणाऱ्या ताई आहेत का’ असं विचारत येऊ लागली. झाडूसाठी धवलनं दुसरी बाई ठेवली. शालननं पहिल्याच दिवशी तिला पट्टी हुंगायला दिली.

दिवाळीच्या सुट्टीत ती माहेरी सुदुंबऱ्याला गेली. आई, विठाबाई, विहाराशेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. सत्तरीची बाई, जन्म दुसऱ्यांच्या शेतात गेलेला. शालननं ओट्यावर पाच छोट्या बाटल्या मांडल्या.

“मला कशाला गं हे? वासाची कामं पोरींची,” विठाबाई म्हणाली.

“बघ तर. रोज येक लाव. मला फोनवर सांग.”

“आन् न्हाई आवडलं तर?”

“तर न्हाई आवडलं.”

विठाबाईनं पहिली बाटली हातात धरून उलटसुलट केली. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं की तुला कुठला वास आवडतो. शेणाचा, गवताचा, भाताच्या पेंढ्याचा, असे आपोआप अंगाला लागलेले वास तिनं आयुष्यभर वागवले होते. तिनं मनगटाला जरासं लावलं आणि पदराआड हुंगलं, कुणी बघत नाही ना हे बघून.

सहाव्या दिवशी शालन दुकानात असताना फोन आला. पलीकडून आईचा आवाज मोठ्ठा, जणू वाडीला सांगते आहे.

“निळ्या टोपणाचं, शालन. बाकीची चारी तू घेऊन जा. शेजारच्या रेणुकानं विचारलं, आज कुटं लग्नाला निघाली मावशी? म्हनलं, कुटं न्हाई, घरीच हाय.”

शालननं फोन खांद्याशी धरला आणि मोठी बाटली कपाटातून काढली. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला ती म्हणाली, “येक मिनीट हं. माझ्या आईची बाटली बांधायचीये.”