ढाकुरियाच्या पुलावरची आमची गाडी

कलकत्ता शहर सपाट आहे. हे मला गाडी घेतल्यानंतर कळलं.

तोवर आम्हाला तिथे येऊन दीड वर्ष झालं होतं. (बँकेनं पुण्याहून उचलून रासबिहारी अव्हेन्यूलगतच्या एका गल्लीत आणून टाकलं होतं.) पण रोज ट्रामने डलहौसीच्या ऑफिसला जाणाऱ्या माणसाला रस्ता चढतो की उतरतो याच्याशी काय देणंघेणं! मग पेट्रोलचे भाव कडाडले. शहाणी माणसं गाड्या विकायला निघाली आणि मी घ्यायला निघालो, कारण मला डिझेलची गाडी मिळत होती. मूळची ती पेट्रोलचीच. पण आधीच्या मालकानं, म्हणजे बालीगंजच्या सेनबाबूंनी, तिच्या पोटात कुठल्याशा टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. "निम्म्या खर्चात फिराल," असं ते म्हणाले. निम्मा खर्च म्हटलं की आम्हा सदाशिव पेठेतल्या लोकांना पुढचं काही ऐकू येत नाही.

आम्ही बघायला गेलो तेव्हा गाडी दारात चालू करून ठेवलेली होती. धडधडधडधड! खिडकीच्या काचा, दाराच्या मुठी, आरसा, सगळं थरथरत होतं.

"बघ, किती सज्जन माणूस!" मी बायकोला, वसुधाला, म्हणालो. "आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय."

"एकदा बंद करून परत सुरू करायला सांगा ना."

"अगं, एवढ्या मोठ्या माणसाला असं कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?"

सेनबाबूंनी संदेश खायला घातले, चहा पाजला, आणि चालू गाडीच माझ्या हवाली केली. निघताना म्हणाले, "हिला उगाच बंद करत जाऊ नका." आवाज अगदी जड झाला होता त्यांचा. मला वाटलं, माया असते हो माणसाची वस्तूवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली नाही. तिसऱ्या दिवशीही झाली नाही. चौथ्या दिवशी मी मिस्त्री आणला. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं, ते काही मला आवडलं नाही.

"बॅटरी खलास. हीटर प्लग खलास. इंजिन में दम नहीं है, साहब."

"मग चांगलं काय आहे?"

त्यानं थोडा विचार केला. "हॉर्न."

त्याच्या मते दोनच उपाय होते. एक, अख्खं इंजिन खाली उतरवायचं. (तो खर्च ऐकून मीच खाली बसलो.) दुसरा, "ढलान पे रखिए. अपने आप लुढकेगी, गिअर डालिए, चालू!" म्हणजे उतारावर उभी करायची! मला हायसं वाटलं. आमचे मामा पुण्यात त्यांची खटारा गाडी जन्मभर पर्वतीजवळच्या उतारावर लावत आले होते. एक उतार तर शोधायचा, त्यात काय अवघड!

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. मुलीची एक गोटी खिशात घातली आणि निघालो. रस्त्यात वाकायचं, गोटी ठेवायची, घरंगळते का बघायचं. घरंगळेल तर शपथ! लेक मार्केटपासून गडियाहाटपर्यंत गोटी जिथे ठेवावी तिथे ढिम्म उभी. पोळपाट बरा, त्यावर निदान पोळी तरी सरकते! वाटेत एक धोतरवाले गृहस्थ थांबले.

"काय हरवलं, मोशाय?"

"उतार शोधतोय," मी म्हणालो.

कलकत्त्यातला माणूस असल्या गोष्टीला कधी हसत नाही, तो चर्चा करतो. बघता बघता पाच-सहा जण जमले. एक म्हणाला, दार्जिलिंगला जा. दुसऱ्याच्या मते गंगेच्या घाटावर उतार होता, पण गाडी थेट पाण्यात जाण्याची भीती होती. शेवटी त्या धोतरवाल्यांनीच कपाळावर हात मारला. "अरे! ढाकुरियाचा पूल!"

रेल्वेलाइनवरचा तो पूल, आणि त्याला खरोखरीचा, घसघशीत उतार! गोटी अशी पळाली की परत मिळाली नाही. त्या दिवसापासून गाडीचा मुक्काम पुलाच्या उतारावर. मी सकाळी घरून ट्राम पकडायचो, गडियाहाटला उतरायचो, तिथून पुलापर्यंत पायपीट, गाडी सोडायची, धडधड चालू झाली की ऑफिसकडे. वाटेत आमचं स्वतःचं घर लागायचं. वसुधा गॅलरीत उभी असायची, मी हॉर्न वाजवायचो. (संध्याकाळी ऑफिसातून निघताना इंजिन कोमट असायचं, त्यामुळे ढकलायला तीन शिपाई आणि एक कॅशियर एवढ्यावर काम भागायचं.) ट्रामचा कंडक्टर हाराधन एकदा न राहवून म्हणाला, "दादा, डलहौसीची ट्राम तर पलीकडून जाते."

"माहीत आहे. मी माझी गाडी आणायला चाललोय."

त्यानं तिकीट फाडलं.

अशात माझे सासरे नागपूरहून आले, सासूबाईंना, म्हणजे माईंना, घेऊन. मेहुणीचा, नलूचा, साखरपुडा ठरला होता आणि तिच्यासाठी बंगाली साड्या घ्यायच्या होत्या. सासरे, म्हणजे आप्पा, रिटायर्ड हेडमास्तर. माणूस देवमाणूस, पण एक खोड होती. चालू असलेली वस्तू त्यांना बघवत नसे. कोणी खोलीतून बाहेर पडलं की दिवा बंद, पंखा बंद. मी दाढी करत असताना त्यांनी दोनदा बाथरूमचा दिवा घालवला. त्या काळात कलकत्त्यात रोज लोडशेडिंग असे. पण आमच्याकडे दिवे गेले की आधी आप्पा कुठे आहेत ते बघावं लागे.

जायचा दिवस उजाडला. हावड्याहून संध्याकाळची मेल होती. वसुधा सकाळपासून माझ्या मागे लागली होती.

"अहो, टॅक्सी सांगा. परवा साखरपुडा आहे. ही गाडी चुकली तर पुढचं रिझर्वेशन मिळायचं नाही, आणि नवऱ्या मुलीचे आई-वडील इथे बसतील रसगुल्ले खात!"

"दारात गाडी असताना टॅक्सी?"

"दारात कुठे आहे? ढाकुरियाला आहे!"

"तू बघच."

जावयाची अब्रू होती हो! मी वेळेच्या किती तरी आधी पुलावर गेलो, गाडी उतारावरून सोडली, पहिल्या झटक्यात सुरू! धडधडत दारात आणून उभी केली. आप्पा-माई मागे बसले. सगळं कसं माझ्या मनासारखं चाललं होतं. राहिली होती फक्त साड्यांची ट्रंक, ती आणायला मी आणि वसुधा वर गेलो.

ट्रंक घेऊन जिना उतरताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फार शांत होतं.

"आप्पा!" मी ट्रंकेसकट पळत सुटलो. "आप्पा, गाडी!"

"बंद केली," आप्पा समाधानानं म्हणाले. ते आता पुढच्या सीटवर आले होते. (डिझेलचं असं असतं की किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच राहतं. बंद करायला खाली एक काळी मूठ असते, ती ओढावी लागते.) "किल्ली फिरवून बघितली, ऐकेना. मग म्हटलं, कुठेतरी खटका असणारच. हात घातला खाली, सापडला! उभ्या गाडीत कशाला तेल जाळायचं, जावईबापू?"

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. वसुधानं माझ्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि आकाशाकडे बघितलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लबची (म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखी) पोरं कायम बसलेली असत. ती धावत आली. टॅक्सीसाठी वसुधा रस्त्यापर्यंत जाऊन आली, पण संध्याकाळची वेळ, एकही रिकामी नाही. मग काय, ढकला! माई उतरायला तयार नव्हत्या. "ट्रंक जिथे, तिथे मी," असं म्हणून त्यांनी ट्रंक शेजारी घेतली आणि तिच्यावर हात टाकून बसल्या. आप्पा मात्र उतरले, आणि मागे उभे राहून ड्रिलचे हुकूम सोडू लागले. "एकसाथ! डावा पाय पुढे! तुम्ही, चष्मेवाले, जोर लावा!" गाडी गल्लीतून हलली, पण सुरू होईना. एक पोरगा म्हणाला, पुलापर्यंतच ढकलत नेऊ या. हावडा एकीकडे, ढाकुरिया दुसरीकडे! पण मला त्या क्षणी उतारापलीकडे काही दिसत नव्हतं. मी स्टिअरिंग वळवलं, आणि समोरच्या बाजूला जाण्यासाठी ट्रामचे रूळ ओलांडताना आमची गाडी बरोबर रुळांवर आडवी रुतून बसली.

आणि ट्राम आली. ठणठणठणठण!

उतारू खाली उतरले. प्रत्येकाचं गाडीबद्दल मत होतं, आणि ते त्यानं सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ मला समजावू लागले, जुनी डिझेल गाडी घेताना इंजिन थंड असताना बघावं. मी म्हटलं, हो. तेवढ्यात ट्रामच्या दारातून ओळखीचा आवाज आला.

"दादा? आज काय गाडीच ट्रामपाशी घेऊन आलात?"

हाराधन! पण माझ्या आधी वसुधाच पुढे झाली. "ही ट्राम हावड्याला जाते का हो?"

"एस्प्लनेडला बदला, दीदी. समोरच हावड्याची उभी असते. मेल ना? आरामात मिळेल."

वसुधानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ट्रंक उचलली गेली, त्यामुळे माई आपोआप उतरल्या. तिघंही ट्राममध्ये चढली. मग रस्ता मोकळा करायला म्हणून उरलेल्या सगळ्या उतारूंनी मिळून माझ्या गाडीला असा धक्का दिला की काय सांगू! धडधडधडधड! सुरू झाली! पोरांनी टाळ्या वाजवल्या. ट्राम माझ्या शेजारून गेली. माई खिडकीत होत्या, आणि त्यांच्या मागे आप्पा उभे राहून पंख्याचं बटण शोधत होते.

मी गाडी घेऊन मागोमाग हावड्याला गेलो खरा. पण गाडी थांबवून उतरायची कशी? बंद केली की संपलं! मी स्टेशनबाहेर चकरा मारत राहिलो. आत मेलची शिट्टी झाली. दर चकरेला पोलीस माझ्याकडे जास्त जास्त निरखून बघत होता. शेवटी वसुधा बाहेर आली. एकटी. जीव भांड्यात पडला माझा.

"मिळाली?" मी चालत्या गाडीतून ओरडलो.

"मिळाली. वेळ हातात ठेवून."

"आप्पा काही म्हणाले?"

"म्हणाले, जावईबापूंना सांग, वाहन घ्यावं तर ट्रामसारखं घ्यावं. ढकलावं लागत नाही आणि कोणी ना कोणी बंद करणारा असतोच."

"बरं, बस. घरी सोडतो."

"घरी की ढाकुरियाला?" असं म्हणून ती सरळ ट्राममध्ये जाऊन बसली.

आता सांगा, मी रागवायला हवं होतं की नको? लाजेनं मान खाली घालायला हवी होती की नको? पण परतताना नदीवरचा पूल ओलांडून शहराच्या बाजूला आलो, ॲक्सिलरेटरवरचा पाय सहज काढला, आणि गाडी थांबायची सोडून वेग घेऊ लागली. अहो, हावड्याच्या पुलाला उतार होता! लांबलचक, रुंद, ढाकुरियाच्या तोंडात मारील असा उतार, आणि तोही माझ्या ऑफिसच्या इतक्या जवळ! मी आनंदानं हॉर्न दाबला. शेजारून वसुधाची ट्राम चालली होती.

"वसुधा!" मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडलो. "उतार सापडला!"

तिनं खिडकी लावून घेतली.