जिन्याच्या तोंडची फळी

ग्यानोबा सुतारानं न सांगितलेलं एक काम फुकटात केलं, आणि चौथ्या दिवशी सौदामिनीकाकू माडीवरून खाली आल्या त्या पायांनी नाही, पाठीवर.

सांगितलेलं काम एवढंच होतं. हदगावच्या त्यांच्या घराची माडी सागवानी फळ्यांची. तीन फळ्या वाळवीनं खाल्लेल्या, त्या बदलायच्या. बाकीच्यांवर रंधा मारून तेल पाजायचं. नांदेडला कॉलेजात शिकवणाऱ्या मालविकाताईंनी आईसाठी हे काम काढलं होतं. ग्यानोबानं ते झकास केलं. निघता निघता जिन्याच्या तोंडाशी एक फळी पायाखाली करकरली, आणि इथं घोळ झाला.

ग्यानोबा मूळचा इस्लापूरचा, सागाच्या रानाशेजारी वाढलेला. कुणाकडं गेला तरी पाणी पिण्याआधी चौकटीवर बोट वाजवून बघणारा. आधी पेरणीच्या तिफणी करायचा; ट्रॅक्टर आले, तिफणी गेल्या. मग दारं धरली. तीही कारखान्यातून तयार यायला लागली. उरली ही अशी दुरुस्ती, आणि करकरणाऱ्या लाकडाचा राग.

"घरातलं माणूस कुरकुरलं तर याला ऐकू येत न्हाई," बायको सरजाबाई सगळ्या गल्लीला सांगायची, "पलंग वाजला की ताटावरून उठतो!"

तर त्यानं फळीखाली पाचर ठोकली, सरस ओतला, जुने खिळे उपटून दोन स्क्रू पिळले. फळी गप्प.

काकूंना दोन वर्षांपासून दिसत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्या माडीवर काठीशिवाय हिंडतात, हेही त्यानं बघितलं होतं. कशाच्या भरवशावर, ते मात्र विचारलं नव्हतं. फळी करकरली की पुढं जिना, थांबायचं. त्या दिवशी करकरलंच नाही. मनगट मोडलं.

"मामा, मी आईला नांदेडला नेते," मालविकाताई ग्यानोबाला म्हणाल्या. "तिथं सगळं सपाट आहे."

"सपाट आहे, पण माझं काय आहे?" प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून काकू म्हणाल्या. "तिथं मोरीत जायलाही कुणाचा तरी हात मागायचा. इथं मी माझी जाते."

"मग जिन्याला फाटक बसवू," ताई म्हणाल्या.

"मी काय वासरू आहे? आणि उघडं राहिलं म्हणजे?"

ग्यानोबानं फळी पुन्हा बोलती करायचं कबूल केलं, ताईंनी रविवारपर्यंत मुदत दिली. फळी बोलली नाही, तर सोमवारी गाडी.

ग्यानोबानं स्क्रू काढले, पाचर काढली. सरस दगडासारखा धरलेला. खालच्या खोलीत टेबलावर उताणा पडून, डोळ्यांत भुसा घेत, दोन दिवस पटाशीनं खरवडला. फळी हलायला लागली, पण आवाज नाही.

"फळीचं काय झालं?" शनिवारी ताईंनी विचारलं.

"तेच करून राहिलो, ताई. जन्मभर लाकूड गप्प करायचंच शिकलो. बोलतं करायचं कुणी शिकवलं न्हाई."

घरी जेवण जाईना. सरजाबाईनं टोमणा मारायचं सोडून विचारलं, "त्या फळीचे जुने खिळे कुठं हायत?"

सुताराच्या घरात वाकडा खिळाही टाकत नाहीत. डब्यातून चार गंजके खिळे निघाले. रविवारी त्यानं ते जुन्याच भोकांत सैलसर बसवले.

काकूंनी पाय टेकला. करकर झाली. त्या थांबल्या आणि मान हलवली.

"हा तो नव्हे. तो घोगरा होता."

"येईल काकू, घासू द्या थोडं."

"आणि येईस्तोवर?"

काकू मागं गेल्या, पुन्हा आल्या. आठ वेळा. सात वेळा फळी बोलली. आठव्यांदा पाय कडेला पडला, फळी बोलली नाही. काकूंनी भिंत धरली, ताईंनी काकूंना.

ताईंनी काकूंना जिन्यापासून मागं घेतलं. मग ताई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू."

"काकू, काठी करून देतो," ग्यानोबा हळूच म्हणाला.

"काठी नको. काढलेल्या फळीतला धड तुकडा बघून लाटणं कर. मनगट बरं झालं की लागेल."

प्लॅस्टर सुटून महिना झाला. ग्यानोबा रोज सकाळी कामाला जाण्याआधी येतो, फळीवर चार-दोनदा पाय देतो. कधी ती बोलते, कधी नाही.

"लाटणं?" आतून काकू विचारतात.

"उद्या, काकू," तो म्हणतो, आणि पुन्हा फळीवर पाय देऊन कान लावतो.