एकाच पट्टीतला आवाज

रोज सकाळी निघण्याआधी मावशी आरशासमोर उभी राहून एक पान मोठ्याने वाचायची. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मध्येच भुवई हलली, एखाद्या शब्दावर जोर पडला, की पुन्हा पहिल्यापासून. काका चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहायचे. "अगं, भिंत तरी बरी. तिला निदान तडे जातात."

माणसं निर्णय कसे घेतात याचे प्रयोग चालायचे, त्या विद्यापीठातल्या खोलीत मावशी बावीस वर्षं मदतनीस होती. पुठ्ठ्यांचे आडोसे लावून केलेले बारा कप्पे. प्रत्येकात खुर्ची, पेन्सिल, बंद पाकीट. आलेल्यांना त्या पानावरच्या सूचना वाचून दाखवायच्या: एक तर हा कप नक्की मिळेल, किंवा चिठ्ठी काढा, मग भिंतीवरचं घड्याळ मिळेल नाहीतर काहीच नाही. लोक हमखास तिच्या तोंडाकडे बघायचे. तिथे काही सापडलं, तर प्रयोग वाया.

प्रयोग घेणाऱ्या सरांनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. 'दहातले सात वाचतात' म्हटलं की माणूस एक उत्तर देतो, 'दहातले तीन दगावतात' म्हटलं की दुसरं. आकडा तोच असतो. हे तिच्या मनात इतकं रुतलं की घरातही ती कुणाला आपला कल कळू देईनाशी झाली. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, म्हणायची, "हिला विचारणं म्हणजे विहिरीत ओरडणं. आपलाच आवाज परत."

काका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन करायचं, की गोळ्यांवर जमेल तेवढं ओढायचं? डॉक्टर म्हणाले, "दहातले सात ठणठणीत होऊन घरी जातात." बाहेर आल्यावर काका औषधं आणायला गेले, तेव्हा मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. "करायलाच हवं गं. काहीही झालं तरी." मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडेच राहत होते.

संध्याकाळी तिने एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे सात, उजवीकडे तीन. खाली गोळ्यांचंही तसंच. मग तिने तो वाचून दाखवला, कुठेही जोर न देता.

"तुझं काय म्हणणं?" काकांनी विचारलं.

"जीव तुमचा आहे. मी बोलले तर तुम्ही माझंच ऐकाल."

"मग ऐकेन की. तीस वर्षं दुसरं काय केलंय?"

ती हसली नाही. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. मला ते दिसत होते; टेबलापलीकडून काकांना दिसत नव्हते. त्यांनी बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"मग गोळ्याच बऱ्या," ते म्हणाले.

अकरा महिन्यांनी ते गेले.

त्यानंतर एका दुपारी दोघी बहिणी मटार सोलत बसल्या होत्या. आई सहज बोलून गेली, "मला म्हणाले होते ते, 'ताई, हिच्या मनात नाहीये ऑपरेशन. असतं तर बोलली नसती का?'" मावशी सोलत राहिली. थोड्या वेळाने दाणे आणि टरफलं एकाच भांड्यात पडायला लागली. आईने हळूच भांडं काढून घेतलं.

पुढे महिन्याभरात, प्रयोग चालू असताना, सातव्या कप्प्यातल्या बाईंनी मान वर करून विचारलं, "तुम्ही काय घेतलं असतं हो?"

"चिठ्ठी," मावशी म्हणाली. "काढा हो. काढाच."

बाराही कप्प्यांत ते ऐकू गेलं. सरांना त्या दिवसाची पाकिटांतली सगळी उत्तरं रद्द करावी लागली. ते रागावले नाहीत. फक्त वाचायचं पान दुसऱ्या एका मुलीकडे दिलं आणि मावशीला कपाटं लावायला सांगितलं. तिने दोन वर्षं कपाटं लावली.

मग तिचं स्वतःचं दुखणं आलं. शेवटच्या दुपारी मी दवाखान्यात तिच्या उशाशी होते. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. संध्याकाळपर्यंत आई येणार होती.

"मावशी, मी जाऊ की थांबू?"

"थांब," ती म्हणाली. "आणि ती खिडकी लाव, वारा लागतोय."