आईचा न संपलेला रोल

आमच्या घरी रोल संपवायचा एक रिवाज होता. आईच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल जायचा, आणि लग्न असो की बारसं, कितीही फोटो काढले तरी शेवटी दोन-तीन उरायचेच. अर्धवट रोल धुवायला टाकणं म्हणजे आईच्या लेखी ताटात अन्न टाकण्यासारखं होतं. म्हणून उरलेले फोटो ती समोर दिसेल त्याचे काढून टाकायची. दारातला भाजीवाला, गच्चीवर वाळत घातलेल्या उडदाच्या वड्या, कंगव्यानं पाठ खाजवणारे बाबा. बाबा चिडवायचे, "चांगले फोटो पाहुण्यांचे, अन् उरलंसुरलं माझ्या वाट्याला." आज अल्बम काढला की आम्ही लग्नांची पानं भराभर उलटतो आणि त्या उरल्यासुरल्यांपाशी थांबतो.

कॅमेरा आईनं स्वतःच्या पगारातून घेतला होता. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि आईचं साधं सरकारी ऑफिस एकाएकी राजधानीचं ऑफिस झालं. त्या तोऱ्यात ती सदर बाजारात गेली आणि कॅमेरा गळ्यात अडकवूनच घरी आली. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या कुणी कॅमेऱ्यावरून बाबांचं कौतुक केलं, की ती लगेच दुरुस्ती करायची, "यांचा नाही, माझा आहे." पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. दुकानदार म्हणाला, "दीदी, अब रोल कौन डालता है?" आई म्हणाली, "मैं डालती हूँ," आणि त्याला रोल मागवायला लावला.

बाबा गेले तेव्हा कॅमेऱ्यात असाच एक रोल होता. त्यांचे अखेरच्या हिवाळ्यातले फोटो त्यात होते. सगळे विधी आटोपल्यावर मी म्हणालो, "दे, धुवून आणतो."

"रोल बाकी आहे अजून. तीन राहिले."

"मग काढून टाक तीन. भिंतीचे काढ."

तिनं कॅमेरा लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. मी मुळात तापट माणूस. तीन फोटोंच्या काटकसरीपायी ही बाबांना कपाटात कोंडून ठेवते, असं म्हणत मी घरभर चिडचिड करायचो. दसरा गेला, दिवाळी गेली, पण आई कॅमेऱ्याला हात लावेना. मग हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांचे मोबाइलमधले फोटो होते, व्हिडिओही होते, पण ते सगळे तिचे बघून झाले होते. तिनं अजून न पाहिलेले बाबा फक्त त्या रोलमध्ये होते. तो संपवला, की बाबांचं नवीन काही उरणार नव्हतं. हे कळल्यावर मी गप्प बसलो, आणि माझ्यासारख्याला ते सोपं नव्हतं.

तशात कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीला रोलच्या फोटोंचं वेड लागलं. तिला आमचं मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिनं कुठून तरी जुना कॅमेरा पैदा केला. तिच्यासारखेच चार-पाच जण जमायचे, न्हाणीघराची खिडकी गोधडीनं झाकायचे, आत अंधारात रोल बंद डब्यात भरायचे, मग दिवा लावून त्यात रोल धुवायची औषधं ओतायचे. न्हाणीघर अडलं की माझी आंघोळ अडायची. हौसेला मोल नाही म्हणतात, पण एक दिवस मी वैतागून विचारलंच, "इतका महागाचा फोन हातात आहे, मग हे काहून करून राहिली?"

"पापा, फोन में खींचती हूँ और भूल जाती हूँ," ती म्हणाली. "इसमें पहले ठीक से देखना पड़ता है."

मी टॉवेल उचलला आणि आंघोळीला गेलो.

आजीच्या रोलची गोष्ट तिला कळली तशी ती थेट आजीसमोर जाऊन बसली. "आजी, वो रोल अंदर ही अंदर ख़राब हो रहा है."

"काहून? कॅमेरा तर बंद आहे."

"बंद है तो क्या हुआ? यहाँ की गर्मी तो लगती है न. एक-दो साल और रखोगी तो दादाजी कुछ भी नहीं दिखेंगे."

आईचा चेहरा उतरला. मला लेकीचा राग आला. इतकं तोंडावर सांगायची काय गरज होती? पण ती खरं बोलत होती आणि आम्हां तिघांना ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस एजन्सीवाल्याशी माझं फोनवर भांडण चाललं होतं. डोक्याला टॉवेल, तोंडानं तोफखाना. एवढ्यात खट् असा आवाज झाला. बघतो तर समोर आई, डोळ्याला कॅमेरा. पुढचा फोटो तिनं हसणाऱ्या लेकीचा काढला आणि शेवटचा आम्हां बापलेकीचा. मग कॅमेऱ्याची छोटी मूठ फिरवून तिनं रोल गुंडाळला आणि नातीच्या हातावर ठेवला. "सांभाळून कर वं माय," इतकंच म्हणाली.

लेकीनं आधीच सांगितलं होतं, की रंगांचा आता भरवसा नाही, त्यामुळे ती काळ्या-पांढऱ्याच्या औषधात रोल धुणार. त्या दुपारी न्हाणीघराच्या दाराबाहेर आई स्टूल टाकून बसली. मी उगाच येरझारा घालत होतो. लेक बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ओली पट्टी होती. धुरकट होती, पण कोरी नव्हती.

वाळल्यावर आईनं ती खिडकीपाशी उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. गच्चीवरच्या उन्हात बाबा शेंगा खात होते, आणि त्यांचे पांढरेशुभ्र केस काळेभोर झाले होते.

"पहा, कसे तरुण दिसून राहिले," आई म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. माझेही वाहिले. मला बाबा फार हवे होते आणि हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लेक कात्री घेऊन आली. पट्टी थोड्या-थोड्या फोटोंवर कापून पाकिटात ठेवायची असते म्हणे. तिनं मोजून कात्री लावली ती नेमकी बाबांच्या शेवटच्या फोटोपुढे. त्याच्या पलीकडे टॉवेलवाला मी होतो. मधल्या साऱ्या काळाची तिथे नखाएवढीही जागा नव्हती.

आईनं कात्रीवर हात ठेवला. "इथं नको कापू," ती म्हणाली. "याले यांच्याजवळच राहू दे."